सण संपेपर्यंत

शुलूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दादरला घरी कपडे वाळत घालत होते. शनिवारची दुपार होती. तिचे यजमान, आमचे डॅनी भाऊजी, एवढंच म्हणाले, "संपलं गं." मी विचारलं, "काय संपलं?" मागे कुणीतरी स्ट्रेचर सरकवल्याचा आवाज आला आणि मग फोन कट झाला. हातातला ओला टॉवेल मी नीट झटकला, दोरीवर घातला, दोन चिमटे लावले. मग मला कळलं.

याला आता सात आठवडे झाले. शुलामिथ ही माझ्या थोरल्या काकांची एकुलती मुलगी, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. लालबागच्या एका शाळेत ती चौथीला मराठी शिकवायची. आम्ही बेने इस्राएली, म्हणजे कोकण किनाऱ्यावरून मुंबईत आलेले ज्यू. आडनावं गावांवरून पडलेली, घरात मराठी, आणि प्रार्थना हिब्रूत. ती हिब्रू आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाचता येते, अर्थ मात्र कळत नाही. अर्थ थोरल्यांना विचारायचा असतो. सगळं नीट कळून घ्यायचं वेड घरात फक्त शुलूताईला होतं. मला मराठी लिहायला तिनेच शिकवलं. मी इंग्रजी शाळेतली, तोंडातून शब्द न काढणारी मुलगी, सुट्टीत तिच्याकडे जायचे आणि ती मला वाण्याची यादी लिहायला बसवायची. "काय इंग्रजी मडम, तुरीच्या डाळीला टूर डाळ लिहिलंस? कुठे निघाली सहलीला?" असं म्हणून ती स्वतःच इतकी हसायची की तिला धाप लागायची.

ती धाप नुसत्या हसण्याची नव्हती. लहानपणी तिला सांधे धरून ताप आला होता आणि त्यात हृदयाची एक झडप आवळली गेली होती. परळच्या तिच्या चाळीतला दुसरा मजला चढताना ती मधल्या जिन्यावर थांबायची. कोणी येताना दिसलं की भिंतीवरच्या लाइटच्या मीटरकडे बघत उभी राहायची, आकडे वाचत असल्यासारखी. लग्नाच्या आधीच डॉक्टरांनी सांगितलं होतं की मूल होऊ देणं धोक्याचं आहे. डॅनी भाऊजींनी ते ऐकूनच लग्न केलं. नऊ वर्षं नीट गेली. पण आमच्यात एखाद्या जोडप्याला मूल नसणं हा त्या दोघांपुरता प्रश्न राहत नाही. सगळे इस्रायलला निघून गेलेत, उरलेल्यांत म्हातारेच जास्त. थोरली माणसं सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराला, अजूनही मशीद म्हणतात, आणि भायखळ्याच्या त्या मशिदीत सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायला माझे सॅम्युअल काका, म्हणजे शुलूताईचे वडील, आदल्या दिवशी घरोघर फोन करायचे. कुणाच्याही लग्नात एखादी बाई शुलूताईचा हात धरून म्हणायचीच, "एक तरी होऊ दे गो. आपण उरलोय किती?" ती हसून म्हणायची, "माझ्या वर्गात बावन्न आहेत, त्यातली दोन नेता का?"

दिवस राहिल्याचं तिने चौथा महिना लागेपर्यंत कुणाला सांगितलं नाही, हृदयाच्या डॉक्टरांनाही नाही. का, ते मी तिला विचारलं नाही. मला वाटतं, तिला थोडे दिवस ते स्वतःजवळ ठेवायचं होतं. मग पाय सुजले, रात्री आडवं होता येईना, आणि एका मंगळवारी ती मला घेऊन परळच्या एका हॉस्पिटलात गेली. माझं ऑफिस तिथून जवळ आहे आणि रिपोर्ट इंग्रजीत होते. डॉक्टरीणबाई आमच्या कोकणातल्याच, सरळ बोलणाऱ्या होत्या. त्यांनी कागद बाजूला ठेवला. "हे बघा, शुलामिथ, मी घाबरवत नाहीये. दिवस भरत जातील तसं अंगातलं रक्त वाढणार आणि ते या झडपेतून पुढे जाणार नाही. फुफ्फुसात पाणी साचेल. गर्भ काढला तर तुम्हाला वाचवता येईल. ठेवला तर दोघंही जाल. उद्याच ॲडमिट व्हा." शुलूताई म्हणाली, "घरी विचारून सांगते." बाई म्हणाल्या, "विचारा ना. पण कायद्याने फक्त तुमचं हो लागतं, नवऱ्याचंही नाही."

बाहेर येऊन ती फुटपाथवरच्या कट्ट्यावर बसली. बराच वेळ समोरच्या टॉवरच्या काचा बघत होती. मग म्हणाली, "कायद्याला माझं हो पुरतंय. देवाला पुरतं का, ते कोण सांगणार?" तिला मरायचं नव्हतं. तिला मूलही हवं होतं. दोन्हीतलं एकच मिळणार हे तिने त्या कट्ट्यावरच मान्य केलं, हे मी शेजारी बसून पाहिलं. तिला फक्त कुणीतरी जाणत्या माणसाने म्हणायला हवं होतं की हे पाप नाही.

संध्याकाळी काकांना सांगितलं. काका मशिदीत प्रार्थना चालवायचे. ते रागावले नाहीत की उपदेशही केला नाही. थोडा वेळ पोरीच्या पावलांवरची सूज बघत बसले आणि म्हणाले, "राब्बींना विचारू. त्यांनी हो म्हटलं की मी स्वतः तुला घेऊन जातो." हे राब्बी, म्हणजे आमचे धर्मगुरू, मूळचे भायखळ्याचे, पंचवीस वर्षांपूर्वी इस्रायलला गेलेले. लग्न, मयत, खाणंपिणं, काहीही अडलं की त्यांना फोन करायचा ही आमच्या घरची रीत. बुधवारी काकांनी दिवसभर फोन लावला. आमच्या नव्या वर्षाच्या सणाची गडबड, फोन उचलला गेला नाही. सूर्य मावळला आणि सण लागला. यंदा सणाचे दोन दिवस गुरुवार-शुक्रवारी आले होते आणि त्यांना लागून शनिवार, आमचा शब्बाथ, विश्रांतीचा वार; या दिवसांत पाळणारे लोक फोन, गाडी, लिहिणं सगळं वर्ज्य मानतात. म्हणजे सलग तीन दिवस राब्बी फोनला हात लावणार नाहीत. काकाही नाहीत.

त्या बुधवारी मी तिच्याकडेच होते. नव्या वर्षाला आमच्यात गव्हाच्या चिकाचा हलवा करतात, नारळाच्या दुधातला. तासभर ढवळावा लागतो. ती भिंतीला टेकून स्टुलावर बसली होती आणि मी ढवळत होते. "हात थांबवू नकोस, गुठळ्या होतील... अगो, ढवळतेयस की फाइलवर सही करतेयस?" असं तिचं चाललं होतं. मध्येच म्हणाली, "तू एवढं मोबाइलवर वाचत असतेस. आपल्यात काय लिहिलंय गं याबद्दल?" मी खरंच वाचलं होतं. मंगळवारी रात्रभर तेच वाचत होते, इंग्रजीत. जे वाचलं ते अगदी स्पष्ट होतं. मूल जन्माला येईपर्यंत ते आईच्या शरीराचा भाग, आणि तिच्या जिवावर बेतलं तर तिचा जीव आधी. तिला नुसती मोकळीक नाही, तिला वाचवणं हे कर्तव्य. बाकीच्या कारणांबाबत जाणत्यांची मतं वेगळी आहेत, कुणी कडक, कुणी सैल. यात नाहीत. मी म्हटलं, "तसं... चालतं असं दिसतंय. पण काकांना विचारतायत ना राब्बी... म्हणजे काका राब्बींना." ती हसली. "बोल की नीट." मी पातेल्यात बघत राहिले.

गुरुवारी काका मशिदीतून थेट परळला आले, भायखळ्याहून चालत. सणाला ते गाडीत बसत नाहीत. वय बहात्तर, पांढरा शर्ट पाठीला चिकटलेला. शुलूताईने पलंगावरूनच त्यांना पाणी द्यायला सांगितलं. मी हलव्याच्या वड्या पाडल्या, काकांनी आशीर्वाद म्हटला, आम्ही जेवायला बसलो. तिच्या घशाखाली चार घासही गेले नाहीत. वाक्य पुरं करायला तिला मध्ये थांबावं लागत होतं. तेव्हा मी बोलले. अख्ख्या आयुष्यात थोरल्यांसमोर मी आपण होऊन बोलल्याचे प्रसंग मोजके असतील. "काका, जिवाचा प्रश्न असेल तर सणातही फोन करतात. असं... वाचलंय मी."

"कुठे वाचलंस?"

"इंटरनेटवर."

काकांचा आवाज चढला नाही. "ते अमेरिकेतल्या लोकांचं असेल पोरी. आपलं तसं नसतं. राब्बींनी सणाच्या दिवशी फोन उचलला तर ते पाप आपण त्यांना लावलं." मग शुलूताईकडे वळून म्हणाले, "दोन दिवस काढ गं. शनिवारी दिवे लागले की पहिला फोन."

डॅनी भाऊजी ताटात बघत होते. शुलूताई माझ्याकडे बघत होती. वर्गात एखाद्या मुलाला अर्धं उत्तर येतं आणि ती पुढचं अर्धं यायची वाट बघते, तशी. मला पुढचं अर्धं येत होतं. काका, शब्बाथ जिवासाठी मोडायचाच असतो, एवढंच म्हणायचं होतं. किंवा काहीही न म्हणता तिला टॅक्सीत घालून न्यायचं होतं, डॉक्टरांनी कुणाच्या परवानगीचा कागद मागितला नव्हता. मी उठून ताटं उचलली.

पुढचं मी भाऊजींकडून ऐकलं. शनिवारी सकाळपासून तिला खोकला लागला, मग तोंडाला गुलाबी फेस आला. दुपारी काका मशिदीतून चालत पोचले तेव्हा भाऊजी आणि शेजारचे राणे तिला खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणत होते. काकांनी भर रस्त्यात हात आडवा करून टॅक्सी थांबवली आणि स्वतः पुढच्या सीटवर बसले. शब्बाथला गाडीत बसायचं नाही, हे त्यांना त्या वेळी आठवलंही नाही. हॉस्पिटल दहा मिनिटांवर. तिथे डॉक्टरांनी बरीच खटपट केली. डॉक्टरीणबाई सुट्टी असून आल्या. बाहेर येऊन त्यांनी भाऊजींना फक्त विचारलं, "बुधवारी का नाही आलात?"

रविवारी तिला मातीत ठेवलं. संध्याकाळी आम्ही तिच्या खोलीत जमिनीवर बसलो होतो तेव्हा काकांनी राब्बींना फोन लावला. काकांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू होता. त्यांनी सगळं सांगितलं, मंगळवारपासूनचं. मग राब्बी म्हणाले, "सॅम्युअलभाई... हे विचारायला थांबायचं नसतं. मूल पोटात आहे तोवर आईचा जीव आधी. यात विचारण्यासारखं काही नव्हतंच."

काका म्हणाले, "सण होता ना. तुमचा फोन..."

"वाजला असता तर उचलला असता. जीव जात असेल तर सण मोडायचा असतो. न मोडणं हेच पाप."

काका म्हणाले, "मला कोणी सांगितलं नाही." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आमच्यात शोकाचे सात दिवस बसतात. आम्हाला सहाच मिळाले, कारण शुक्रवारी संध्याकाळी किप्पूरचा, प्रायश्चित्ताचा उपास लागला आणि तो लागला की शोक आवरता घ्यायचा, असा नियम आहे. हा नियम मात्र सगळ्यांना पाठ होता. त्या उपासाला काकांनी प्रार्थना चालवली नाही. मागच्या बाकावर बसले. तेव्हापासून तिथेच बसतात. दहा पुरुष जमवायचे फोन आता कुणी करत नाही. डॅनी भाऊजींचे इस्रायलला जायचे कागद तयार होत आहेत. काय करणार तिकडे, असं विचारलं तर म्हणतात, "इथे काय करतोय?"

गेल्या आठवड्यात ते खोली आवरत होते म्हणून मी गेले. तिच्या शाळेच्या पिशवीतून त्यांनी एक कागद काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तू ठेव." चौथीच्या मुलांच्या वहीतलं दुरेघी पान. सणात आम्ही लिहीत नाही, म्हणजे तिने ते बुधवारी, दिवे लागायच्या आधी लिहिलं असणार. मी ढवळत होते तेव्हाच, कदाचित. राब्बींना विचारायचे पाच प्रश्न, तिच्या फळ्यावरच्या गोल अक्षरात, आणि प्रत्येकाखाली उत्तरासाठी दोन ओळी सोडलेल्या. चौथा महिना लागलाय, तरी चालेल का? त्याला मातीत ठेवायचं का, आणि नाव द्यायचं का? डॅनीने कोणती प्रार्थना म्हणायची? मशिदीत पुन्हा कधी यायचं?

या चारांची उत्तरं मी शोधून काढली आहेत. पेन्सिलने, सोडलेल्या ओळींत, मराठीत लिहिली आहेत.

पाचवा असा आहे: मला जगावंसं वाटतं, हे चूक आहे का?

हा प्रश्न राब्बींसाठी नव्हताच. गुरुवारी जेवताना तो तिच्याजवळ होता, आणि आम्ही तिघंही तिच्यासमोर बसलो होतो.