आईसाठी केलेला फोन नागपूरला लागला

आज दुपारी आईला श्वास घेता येईना. मी इथल्याच, जबलपूरच्या सदर बाजारात गेले होते. मोबाइल शोधत न बसता बाबांनी माझ्या टेबलावरच्या ऑफिसच्या फोनवरून रुग्णवाहिकेसाठी कॉल केला.

तो इंटरनेटवर चालणारा फोन आहे. मी जबलपूरला घरून काम करते, पण त्याचे सगळे कॉल कंपनीच्या नागपूरमधल्या प्रॉक्सी सर्व्हरमधून बाहेर पडतात. त्यामुळे बाबांचा कॉल नागपूरच्या रुग्णवाहिका केंद्रात लागला.

पलीकडून मराठीत उत्तर आलं. इथे जबलपुरात अशा ठिकाणी हिंदीच ऐकू येते, म्हणजे शंका यायला हवी होती. बाबांना उलट धीर आला. ते फक्त आमच्या गोहलपूर भागातला पत्ता सांगत राहिले आणि समोरचा माणूस तो नागपुरात शोधत राहिला.

शेवटी शेजारचे ऑटोवाले भैया म्हणाले, "अंकल, फोन रखिए. आंटी को ऑटो में बिठाइए."

आई आता रुग्णालयात ऑक्सिजनवर आहे. डॉक्टर अजून काही सांगत नाहीत.

बाहेर बाकावर बाबा म्हणाले, "फोनवरचा माणूस चांगला होता व. आपल्या बोलीत बोलून राहिला होता."

कॉलचा हा रस्ता मला माहीत होता. घरात सांगावा, असं कधी वाटलं नाही. तुमच्या घरी असा फोन असेल, तर तुम्ही सांगितलं आहे का?