फाटकावरचा हवालदार

आता तो टीव्हीवर दिसतो तेव्हा मागेपुढे गाड्यांचा ताफा असतो आणि छातीवर पदकं. मी त्याला ओळखायला लागले तेव्हा तो बंदराच्या फाटकावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून माझ्या मुलाच्या डब्यातली चपाती मागून खायचा. देशाचं नाव मी लिहीत नाही, मुलाने नको म्हटलंय. आफ्रिकेतला, समुद्रावरचा देश, एवढं पुरे.

माझा मुलगा क्रेन दुरुस्त करतो. आधी न्हावा शेव्याला होता, मग तिकडे गेला. कामावर जाताना रोज व्हिडिओ कॉल लावायचा आणि फाटकाशी पोचला की फोन त्या हवालदारासमोर धरायचा. "आई, हा बघ, तुझ्या लसणाच्या चटणीचं गिऱ्हाईक." माझ्या अंगात चौकशीची खोड फार. घरी कोण असतं, लग्न झालं का, आई आहे का? मुलगा तिथली भाषा मोडकीतोडकी बोलायचा, इकडचं तिकडे करायचा. कळलं ते असं, की आई नाही. लहानपणीच त्याला बंदरावरच्या फौजेच्या मोठ्या साहेबाने गावातून आणलं, आपल्या घरी वाढवलं आणि पुढे भरतीही केलं. माझे प्रश्न काही संपेनात तेव्हा सून मागून म्हणाली, "आई, त्याला स्थळ बघताय की काय?"

भात कापून झालं की आमच्याकडे पांढरा कांदा लावतात. तो काढला की पातीसकट वेणीसारख्या माळा विणायच्या. एकदा मी पडवीत माळ विणत होते आणि हा फोनवरून टक लावून बघत राहिला. मग विचारलं काय, तर सगळा भार कुठे असतो? मी वरची गाठ दाखवली. आमच्या घरात इतकी वर्षं कांदा आहे, पण हा प्रश्न कधी कुणाला पडला नव्हता. हुशार हो माणूस, असं मी सुनेला म्हटलंसुद्धा.

पुढे तिथला म्हातारा राज्यकर्ता गेला आणि दोन सेनापतींची जुंपली. निम्मी फौज एकाकडे, निम्मी दुसऱ्याकडे. बंदरावरचा साहेब कुणाकडे जावं या विचारात पडला होता. एके दुपारी तो जेवायला बसलेला असताना आमच्या हवालदाराने त्याला गोळी घातली. संध्याकाळपर्यंत बंदर याचं झालं होतं.

मुलाने हे सांगितलं तेव्हा मी आधी विचारलं, तू बरा आहेस ना? आणि लगेच विचारलं, त्या साहेबाने जेवण पुरं केलं होतं का? सून माझ्याकडे बघतच राहिली. पण मला खरंच ते कळायला हवं होतं. कुठल्या घासाला माणूस असं ठरवतो?

मग मी रोज बातम्या बघायला लागले. बंदर ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळ्या देशाचं धान्य नि डिझेल, हे समुद्राकाठच्या बाईला वेगळं सांगायला नको. दोन्ही सेनापतींना याच्या दारात यावं लागलं. एकाशी याने हातमिळवणी केली, दुसऱ्याला हरवलं आणि मग पहिल्याला बोलणी करायला बोलावून कैद केलं. त्याचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. मुलाबरोबर कामाला एक गोदामवाला होता, मुलाला आपल्या घरी सणाला न्यायचा. त्याची वस्ती दुसऱ्या बाजूची म्हणून याच्या शिपायांनी जाळली. रस्त्याने पातेली घेऊन चाललेल्या बाया मी टीव्हीवर बघितल्या. गोदामवाला पुन्हा कामावर आला नाही.

मुलाच्या कंपनीचे साहेब लोक केव्हाच निघून गेले होते. माझ्या मुलाचा आणि आणखी चौघांचा पासपोर्ट मात्र याने ठेवून घेतला, कारण क्रेन बंद तर बंदर बंद. वर्ष उलटलं. मुलाची मुलगी फोनवर त्याच्याशी बोलेनाशी झाली, लाजायची.

अखेर लढाई संपली. राजधानीत जाऊन खुर्चीवर बसण्याआधी तो एकदा धक्क्यावर आला. मुलाने धीर करून पासपोर्ट मागितला. त्यावर तो म्हणाला, तुझ्या आईला फोन लाव.

सुनेने मला बजावलं होतं की कधी बोलायची वेळ आली तर दोनच वाक्यं बोलायची, नमस्कार आणि माझ्या लेकाला पाठव. ती दोन्ही मी बोलले. त्याने कांद्याची चौकशी केली, यंदा कसा आलाय म्हणून. तोच तो आवाज. आणि माझ्या तोंडून गेलं, "तुझ्या साहेबाने तुला वाढवलं ना रे? मग त्याला का मारलंस?"

मुलाने ते तिकडच्या भाषेत केलंच नाही. पण मुलाचा चेहरा उतरलेला हवालदाराला दिसला असणार. जे असेल ते सांग, असं म्हणाला. मुलाने सांगितलं.

तो चिडला नाही. एखादं काम कसं करायचं ते समजवावं तसं त्याने सांगितलं, "त्याने वाढवलं म्हणूनच मला ठाऊक होतं, जेवताना तो पिस्तूल काढून ठेवतो. आणखी दोन दिवस थांबलो असतो तर दुसऱ्या कुणी मारला असता आणि मी त्या दुसऱ्याच्या फाटकावर बसलो असतो."

मग म्हणाला, तुझा मुलगा आणि ते चौघे जाऊ देत. पण फोन ठेवताना मुलगा मान वाकवतो तेव्हा तू जे म्हणतेस, ते आज मला म्हण.

आता मी काय म्हणते? सगळ्या आया म्हणतात तेच. शंभर वर्षांचा हो. सून माझ्या शेजारी पदर तोंडाला लावून उभी. त्या पातेली घेतलेल्या बाया माझ्या डोळ्यांसमोर होत्या, आणि फोनमध्ये माझा मुलगा होता.

त्याने टोपी काढली, मान वाकवली. मी म्हटलं.

आठ दिवसांनी मुलगा घरी आला. गावात मला थोडे दिवस राजमाता म्हणून चिडवलं, मीही हसून घेतलं. तिकडचं तो फारसं बोलत नाही. एका सकाळी टीव्हीवर हा दिसला, चांगला धडधाकट, अंग धरलेला. मुलाने आवाज बंद केला आणि विचारलं, "आई, त्या दिवशी तू नुसतं तोंडानेच म्हणालीस ना?"

त्याला हो हवं होतं. गोदामवाल्यासाठी हवं होतं, ते मला कळत होतं.

"नाही रे," मी म्हटलं. "तू समोर होतास. मला खोटं जमलंच नाही. मनापासून म्हटलं."

तो उठून शेताकडे गेला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी येऊन पडवीत बसला, मुलीची वेणी घालून दिली आणि माझ्याकडे चहा मागितला. मी चहा केला. आलं जरा जास्तच पडलं होतं, तो म्हणाला, आणि सगळा प्यायला.