डाव्या छातीचा कॅनव्हास

आमच्या घरात शूर एकच, माझा धाकटा भाऊ. त्याला बोट धरून चालायला मी शिकवलं, तेव्हा थोडं श्रेय माझंही धरा. शाळा मी सातवीत सोडली, पण हातात कात्री धरली ती आजवर खाली ठेवली नाही. अख्ख्या बाजारात माझ्यासारखा कोट कोणी बेतत नाही.

धाकटा परदेशात लढायला गेला होता. तिथे त्यांची गाडी पेटली. ह्याने आत शिरून दोघांना ओढून बाहेर काढलं. तिसरा आतच राहिला. त्या दोघांसाठी ह्याला पदक मिळालं. येईल त्या गिऱ्हाइकाला मी ही हकीकत माप घेतानाच सांगायचो. तेव्हा बिचाऱ्याला हलता येत नाही.

फौज सोडल्यावर तो माझ्याच दुकानात काज-बटणं करत बसायचा. इस्त्रीजवळ मात्र यायचा नाही. कापड जरा करपल्याचा वास आला की उठून रस्त्यावर जाऊन उभा राहायचा. मग मी तो घरी गेल्यावर इस्त्री करायला लागलो.

सत्काराचं बोलावणं आलं तेव्हा मी त्याला कोट शिवला. पदक जड, कापड ओढलं जातं. म्हणून डाव्या छातीला आतून ताठ कॅनव्हासचा थर लावला, तोही दुहेरी. हे दुसऱ्या कुणाला सुचलं असतं तर सांगा.

कोट हातात घेऊन तो म्हणाला, "झकास झालाय, दादा. पण पदक मी त्या तिसऱ्याच्या आईला देणार आहे."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "एकदा घाल. मला डोळे भरून बघू दे, मग दे कुणाला द्यायचं त्याला."

"तो आतून मला हाका मारत होता, दादा."

त्याची वहिनी चिंध्या गोळा करत होती. तिने मला दटावलं, जाऊ द्या त्याला. ती बोलली की आमच्याकडे विषय संपतो.

कोट तसाच ठेवून तो पदक देऊन आला. त्या माउलीने त्याला जेवायला वाढलं म्हणे.

पुढे छातीत बसलेल्या धुराने तो वाळत गेला. मी कोट उसवून आत घेत राहिलो. घालेल कधीतरी, अशी आशा.

गेल्या थंडीत तो गेला. कोट मीच त्याच्या अंगात घातला. खांद्याला एक सुरकुती नाही, असा बसला. तिसऱ्याची आई आली होती. तिने रुमालातून पदक काढलं आणि मला विचारलं, "लावू का?"

इतकी वर्षं मला तेच तर बघायचं होतं. पण म्हटलं, "नको. त्याने ते तुम्हाला दिलंय."

तिने पदकाच्या जागी नुसता हात ठेवला. बराच वेळ ठेवला. माझा कॅनव्हास जरासुद्धा दबला नाही.