केबाचा डावा हात

आमचा ड्रायव्हर निवृत्ती गेल्या जानेवारीत सुट्टीला गावी जायच्या आधी गॅम्बियाला जाऊन आला. कॅम्पातल्या अर्ध्या लोकांना वाटतं, तो माकडं आणि पाणघोडे बघायला गेला होता. तसलं काही नाही. तो गेला माझ्यामुळं, माझ्या आगाऊ तोंडामुळं. आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे नंतर कोणी मला धरायला नको.

मी राजाभाऊ, सिन्नरचा, कतारात मेसईदला एका खत कारखान्यात पंप फिटर. निवृत्ती पलूसकडचा, कृष्णाकाठचा. अकरा वर्षं आम्ही एका खोलीत राहतोय. तो कंपनीची बस चालवतो. रोज पहाटे कॅम्पातून कारखान्यात, आणि कोणाला दोह्याला विमानतळावर सोडायचं असलं तर तेही त्याच्याच गळ्यात. माणूस सरळ आहे, पण भारी मानी. एकदा रुसला की ब्रह्मदेव आला तरी हलत नाही.

कॅम्पाच्या गेटवर तेव्हा केबा नावाचा गार्ड होता. उंच, सडपातळ, गॅम्बियाचा. पश्चिम आफ्रिकेत एक लांबलचक नदी आहे, तिचे दोन काठ म्हणजेच त्यांचा देश, एवढासा. पहिल्याच दिवशी बस गेटवर थांबली तसा तो वाकून म्हणाला, "कायरा?" त्यांच्या भाषेत कायरा म्हणजे खुशाली. निवृत्तीला वाटलं, गडी "काय रं?" म्हणतोय. परक्या मुलखात, पहाटे पाचला, कोणीतरी आपल्या बोलीत हाक मारली म्हणून तो असा काही खुलला की विचारू नका. "बरं हाय रं, तुझं काय?" म्हणाला. केबाला ओ की ठो कळलं नाही, पण सूर पटला.

झालं, तेव्हापासून रोजचं सुरू. केबाच्या गावाकडं नुसतं हाय-हॅलो म्हणून सुटका नसते. घरचे कसे, आई कशी, बायको कशी, जनावरं कशी, सगळं विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही. आमचा निवृत्तीही खेड्यातला, तो का मागं राहतोय? तुझा बाप कसा, त्याची होडी कशी, नदीला पाणी किती. थोडं इंग्लिश, थोडं हिंदी, मधेच अरबी. मागं चाळीस माणसं झोपमोड झालेली, "यल्ला, यल्ला", म्हणजे चल लवकर, करून ओरडायची. सगळ्यात मोठा आवाज माझा असायचा.

तीन वर्षांपूर्वी केबा दोन महिन्यांच्या सुट्टीवर निघाला. निवृत्तीनंच बसनं विमानतळावर सोडलं. मला दोह्यातच अल मुंतझा भागात काम होतं म्हणून मीही बसलो होतो. बॅगा उतरवल्या, निवृत्तीनं हात पुढं केला, आणि केबानं काय करावं? डावा हात पुढं केला. उजवा रिकामा होता, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आपल्यात कोणाला डाव्या हातानं प्रसाद तरी देतो का आपण? निवृत्तीचा हात अर्ध्यावर थांबला. केबा तसाच हात पुढं धरून उभा, डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. निवृत्ती वळला आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला. मीही मागोमाग चढलो.

परतताना मी गप्प बसायचं की नाही? नाही बसलो. म्हणालो, एवढी वर्षं ख्यालीखुशाली विचारलीस, शेवटी त्यानं तुला तुझी जागा दाखवलीच की. आगीत तेल म्हणतात ते हेच. दोन महिने गेले, केबा काही आला नाही. त्याचा कतारचा नंबर बंद झाला. गेटवर नवा गार्ड आला, तो फक्त कार्ड बघतो आणि हात हलवतो. बस वेळेवर सुटायला लागली. कोणाला त्याचं काही सुख झालं असेल तर मला तरी दिसलं नाही.

मग त्या जानेवारीच्या आधीच्या डिसेंबरात निवृत्तीनं पलीकडच्या कॅम्पातल्या चार गॅम्बियन पोरांना विमानतळावर नेलं. एक गावी निघालेला, तिघं निरोप द्यायला. आणि बघतो तर काय, प्रत्येकजण जाणाऱ्याला डावा हात देतोय. हसत हसत, गळ्यात पडत. निवृत्ती इंजिन चालूच ठेवून खाली उतरला आणि त्यांना विचारलं. ते म्हणाले, डावा हात देणं चूकच असतं चाचा, आम्हालाही कळतं. म्हणूनच लांब जाताना मुद्दाम देतात. चूक केली की ती दुरुस्त करायला परत भेटावं लागतं ना, उजवा हात द्यायला. ज्याला पुन्हा बघितल्याशिवाय चैन पडणार नाही, त्यालाच डावा द्यायचा.

त्या दिवशी मी जेवत होतो तेव्हा तो खोलीत आला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"राजाभाऊ, त्यानं मला माघारी यायचा शबूद दिला हुता," तो म्हणाला. "आन् मी त्वांड फिरवलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्याच दिवशी तो तिकिटाच्या मागं लागला. मी म्हटलं, वेडा झालास का, पत्ता नाही, नंबर नाही, कुठं शोधणार? तर म्हणे, गावाचं नाव बांतांगकुंदा, धक्क्याशेजारी सावरीचं थोरलं झाड, समोर चिंपांझींचं बेट. रोज पहाटे ऐकलंय, पत्ता पाठ आहे. बायको मुक्ताबाई भडकेल असं मला वाटलं होतं. तिनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, दहा दिवस उशिरा या, पण मागं पाठवलेली शेंगदाण्याची चटणी उरली असंल तर त्याला न्या. रोज माझी चौकशी करायचा माणूस, मी त्याला कधी काही धाडलं नाही.

कासाब्लांकाला विमान बदलून गडी समुद्रकाठी उतरला. किनाऱ्यावर रंगीत होड्या, डोक्यावर मासळीच्या पाट्या घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून येणाऱ्या बाया, नुसता कालवा. जवळच्या एका गावात पवित्र डोह आहे, तिथं लोक मगरीच्या पाठीवर हात ठेवून मागणं मागतात. कृष्णाकाठच्या माणसाला मगर म्हणजे काय, हे सांगायला नको. हा म्हणे दहा पावलांवरूनच हात जोडून मोकळा झाला. मागणं एकच, केबा गावात असू दे.

पुढचा प्रवास खटारा व्हॅननं. तिकडं तसल्या गाडीला गेले-गेले म्हणतात. निवृत्ती बावीस वर्षं ड्रायव्हर आहे, त्यानं टायर बघितले आणि नाव अगदी बरोबर ठेवलंय म्हणाला. छपरावर बकऱ्या, आत वीस माणसं. नदीकाठानं गावामागून गाव. जिथं उतरेल तिथं लोक खुशाली विचारायचे, घरचे कसे, जनावरं कशी, आणि हा सगळ्यांना तपशीलवार सांगत बसायचा. दोन ठिकाणी त्यापायी पुढची गाडी चुकली.

तिसऱ्या दिवशी दुपारी सावरीचं झाड दिसलं. केबा घरी नव्हता. बापाचे गुडघे गेले म्हणून त्याची होडी आता तोच चालवतो, पाहुण्यांना चिंपांझी आणि पाणघोडे दाखवायला नेतो. त्या बेटांवर माणसानं पाय ठेवायचा नाही, होडीतूनच बघायचं. निवृत्ती चपला हातात घेऊन धक्क्याच्या कडेला गुडघाभर पाण्यात उभा राहिला. मनाशी ठरवलं होतं, म्हणाला. ओळख दाखवली नाही तर त्याच गेले-गेलेनं परत जायचं.

ऊन उतरायला लागलं तशी होडी आली. इंजिन बंद झालं. मग होडीतून हाक आली, "काय रं?"

निवृत्तीला रडू फुटलं. सांगतानाही फुटलं. त्यानं घाईनं उजवा हात पुढं केला, तर केबानं दोन्ही हात मागं नेले.

"आधी डावा घे," केबा म्हणाला. "तू तो घेतलाच नाहीस. मग दुरुस्त काय करायला येऊ मी?"

मग पाण्यात उभ्या उभ्या दोघांनी आधी डावा हात दिला, मग उजवा. होडीतल्या पाहुण्यांना काय कळायचं, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सहा दिवस राहिला. रोज तीन फेऱ्यांचा कडू-गोड चहा, शेंगदाण्याचं कालवण. चटणी बघून केबाची बायको म्हणाली, हे तर आमचंच आहे, जरा तिखट झालंय. निवृत्तीनं तिथल्या बाजरीच्या भाकऱ्या थापल्या, तर पुरुष भाकऱ्या करतोय म्हणून अख्खं गाव बघायला लोटलं. निघताना धक्क्यावर पुन्हा डावा हात, या वेळी न सांगता.

माझं पाप त्यानं तिथं सांगितलं होतं. सुट्टीहून परत खोलीवर आला तेव्हा मोबाईल माझ्या हातात दिला आणि स्वतः चपात्या लाटायला बसला, मुद्दाम माझ्याकडं पाठ करून. व्हिडिओत केबा होडीत बसलेला. "राजाभाऊ, कायरा?" मग बायको नयना कशी, घरचे कसे, पंप कसे, सिन्नरला पाऊस किती. त्यानं सगळं लक्षात ठेवलं होतं, आणि मी सगळी वर्षं मागून यल्ला करत ओरडलो. मला माझीच लाज वाटली. म्हणाला, त्या दिवशी विमानतळावर तूही हात दिला नव्हतास. आणि त्यानं डावा हात सरळ कॅमेऱ्यापुढं धरला.

मी दाराकडं बघून घेतलं. कोणी नव्हतं. मग माझा डावा हात त्या काचेवर ठेवला.

"दिलास का?" निवृत्तीनं मागं न बघता विचारलं.

"दिला."

"मग आता जावं लागंल," तो म्हणाला आणि चपाती तव्यावर टाकली.