मऊ पडलेली बिबडी

ती घटना आठवली की आजही मला खुर्चीत नीट बसवत नाही. सत्तर सालानंतरची गोष्ट. जळगाव जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी एका ठाण्याला मी फौजदार होतो. भाद्रपदाची झड लागलेली, चहूकडे केळीचे मळे. ओल अशी की काडेपेटी पेटत नसे आणि स्टेशन डायरीची पानं एकमेकांना चिकटत.

अशात खबर आली की बसस्टँडवर एक म्हातारा गांजाची पिशवी घेऊन एसटीची वाट बघतोय. गेलो तर म्हातारा सापडला, मालही सापडला. दोन पंच बोलावून पंचनामा केला. म्हातारा मूळचा धुळ्याकडचा. एका मोठ्या बागायतदाराचा सालदार, म्हणजे आखाजी ते आखाजी, अक्षय्यतृतीयेपासून वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. माल कुणाचा, एवढंच मी विचारत होतो. दरडावलं, चुचकारलं, पुन्हा दरडावलं. माल आपलाच, हे उत्तर एकच: "मना शे, साहेब."

दुसऱ्या दिवशी तो बागायतदार स्वतः ठाण्यात आला. सगळा गाव त्याला नाना म्हणायचा. असल्या गड्यामुळे घराण्याचं नाव जातं, त्याला चांगली अद्दल घडवा, असं सांगून, आमचाच चहा पिऊन गेला. मलाही पटलं. खरं सांगतो, आरोपी आपणहून कबूल होत असला की फौजदाराला झोप छान लागते. मी आरोपपत्राची तयारी सुरू केली. म्हातारा तुरुंगात जाणार हे जवळजवळ ठरलं होतं.

आमचे हवालदार तेवढे कुरकुरत होते. ते म्हणाले, "साहेब, केळीत राबणाऱ्याचे हात चिकानं काळे असतात. ह्याचे पांढरे का? आणि भेगा बघा." मी म्हटलं, तंबाखूला चुना जास्त लावत असेल. साहेब अजून कच्चा आहे हे हवालदारांच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ वाचता आलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी म्हाताऱ्याची बायको भाकरी घेऊन आली. बरोबर भाजलेली बिबडी होती, आमच्या खान्देशातला ज्वारीचा पापड. म्हाताऱ्यानं बिबडी उचलली, पण तोंडात घातली नाही. दोन बोटांत कड धरून वाकवली. ती मोडली नाही, नुसती वाकली. तशी तो स्वतःशीच पुटपुटला, "हवा वल्ली शे. चुना बदलना पडी."

मी ताडकन उठलो. बिबडी मऊ पडली तर चुना कशाला बदलायचा? चुना हवेतली ओल शोषतो, म्हणून! टेबलावरचा पंचनामा ओढला. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: माल कोरडा, हाताने चुरा होतो. जिथे तासाभरात बिबडी वाकते तिथे गांजा चुरचुरीत! म्हणजे कुठेतरी एक खोली मुद्दाम कोरडी ठेवलेली होती, आणि ती कोरडी ठेवणारे पांढरे हात माझ्या कोठडीत होते. हवालदारांकडे बघितलं तर ते टोपी घालून तयारच.

चुनाभट्टीवर विचारलं. दसरा-दिवाळीशिवाय रंगरंगोटीला कुणी चुना नेत नाही. यंदा श्रावणापासून कळीचा, न विरवलेला चुना कोण नेतंय? भट्टीवाला सहज बोलून गेला, नाना नेतात, पोत्यांनी. आणि नानाच्या घरच्या भिंती मी पोळ्याला पाहिल्या होत्या, चुलीमागच्या भिंतीसारख्या काळ्या. मी तसाच वॉरंटाच्या मागे लागलो.

सकाळी वॉरंट, पंच आणि म्हाताऱ्याला घेऊन नानाच्या वखारीवर धाड घातली. मागे केळी पिकवायची जुनी खोली होती, कुलूप लावलेली. कुलूप तोडलं आणि दार उघडताच कोरडी हवा तोंडावर आली. छपराला काचेची कौलं, खाली तेलाच्या डब्यांत छातीएवढी गांजाची झाडं, फुलोऱ्यानं लवलेली. मधून मधून चुन्यानं भरलेली घमेली. आणि दाराशी सुतळीला टांगलेली एक भाजलेली बिबडी! हवालदारांनी उलगडून सांगितलं, मळ्यात लपवली तर फुलोऱ्याच्या शेवटी ओलीनं आतून बुरशी धरते, म्हणून हा खटाटोप. जी खोली ओल धरायला बांधली, तीच चुन्यानं सुकवली होती. मला त्या क्षणी नाचावंसं वाटलं, वर्दीची लाज म्हणून थांबलो.

नाना मात्र थंड होता. "ह्या खोलीत मी पाऊल टाकत नाही," तो म्हणाला. "सगळा कारभार ह्या सालदाराचा. तो कबूलही झालाय ना?"

 म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "नाना, आखाजीले अजून आठ महिना शेतस. पण मन्हं साल आज सरनं." आणि माझ्याकडे वळला, "लिखा साहेब. बठ्ठं सांगस."

पुढे कोर्टात तो माफीचा साक्षीदार झाला आणि नानाला शिक्षा लागली. ठाण्यात माझं कौतुक झालं, ते मी मुकाट घेतलं. पण मनातून मला लाज वाटत होती. तीन दिवस मी त्याच्या इमानाला गुन्हा समजून वर त्याच्यावरच ओरडत होतो. तेव्हापासून कबुली पटकन हाती आली की ती कुणासाठी दिली, हे मी आधी शोधू लागलो.

धाडीच्या त्या दिवशी म्हाताऱ्याचा जबाब पुरा झाल्यावर, अंगठा घेण्याआधी, रिवाजाप्रमाणे मी तो वाचून दाखवला. नाव, वय, धंदा सालदार. तिथे त्यानं हात वर करून मला थांबवलं.

"ते खोडा साहेब," तो म्हणाला. "मजुरी लिखा."