शेवटच्या बाकावरच्या वन्सं

आमच्या वन्संइतकी निर्लज्ज बाई सोलापुरात दुसरी झाली नाही, आणि हे मी अभिमानानं लिहिते आहे. सत्तर सालानंतरची गोष्ट. घरोघरी ‘कावळा शिवला’ म्हणून कुजबुजायचे, तेव्हा या नर्सबाई आमच्या मुलींच्या शाळेत येऊन वयात येण्याबद्दल खड्या आवाजात बोलत. मी तिथं तेव्हापासून शिवण शिकवते. मी वर्गाचं दार लावलं, की त्या उघडत. “गुदमरतंय गं. चोरी करतोय का आपण?”

पुण्याहून आलेला छापील तक्ता त्यांनी पहिल्याच दिवशी गुंडाळला. त्यातली फ्रॉकवाली मुलगी नळाखाली हात धूत होती, आणि नळाला पाणी बघूनच आमच्या पोरी हसत सुटल्या होत्या. वन्संना कानडी, तेलुगू दोन्ही येई. मागवाल्यांच्या मुलींना त्या सांगत, पोटातली पिशवी दर महिन्याला माग सजवावा तशी तयारी करते. काम आलं नाही, की ताण्याचे उभे धागे उतरवते आणि नवे चढवते.

पंधरा दिवसांनी परत येऊन त्या शेवटच्या बाकावर बसत, पदर दातात धरून मठ्ठ मुलीचं सोंग घेत. “बाई, मला काय बी कळंना. सांगा की!” मग एखाद्या मुलीनं उठून त्यांनाच शिकवायचं. मागाचा धडा त्यांनी करमाळ्याच्या वसतिगृहातही दिला होता. पंधरा दिवसांनी मीही त्यांच्यासोबत तिथं गेले, तेव्हा तिथली मुलगी गंभीरपणे म्हणाली, “पोटात माग असतोय. धोटा फिरतोय, म्हून दुखतंय.” मी तोंडात पदर कोंबला. वन्सं हसल्या नाहीत. “पोरगी पास, मी नापास,” म्हणाल्या, आणि तिथल्या शेतकऱ्यांच्या पोरींसाठी मागाऐवजी रोपाच्या वाफ्याचं उदाहरण आणलं.

एकदा आमच्या शाळेत लक्ष्मीची आई तणतणत आली. “पोरीला घाण शिकवताय! उद्यापासून शाळा बंद तिची!” लक्ष्मी वर्गातली हुशार मुलगी. वन्संनी आईला हाताला धरून शेवटच्या बाकावर शेजारी बसवलं. “लक्ष्मी, आम्हा दोघींना कळत नाही बघ. सांग की.”

पोर उठली आणि तेलुगूत बोलू लागली. मला एक अक्षर कळलं नाही. आईची आवळलेली मूठ सैलावताना तेवढी दिसली. शेवटी आईनं अगदी खालच्या आवाजात काहीतरी विचारलं. लेकीनं उत्तर दिलं.

“काय विचारलं हो तिनं?” बाहेर आल्यावर मी म्हटलं.

“फार दुखलं तर काय करायचं, ते. स्वतःसाठी.” चष्मा पुसत म्हणाल्या, “आज पास झाले गं मी.”

दुसऱ्या दिवशी लक्ष्मी वेळेवर शाळेत आली.

वन्सं जाऊन आता बरीच वर्षं झाली. टाका शिकवून झाला, की मी अजून शेवटच्या बाकावर जाऊन बसते. मठ्ठपणाचं सोंग मात्र मला त्यांच्यासारखं साधत नाही.