नव्याच्या कुंड्या

भामाबाईंच्या इमारतीखाली त्यांचंच शेत आहे. पनवेलजवळच्या विचुंब्यातली ती जमीन बिल्डरला दिली, बदल्यात दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला, आणि राहायला आल्यावर वर्षभरातच नवरा, शिवा, गेला. मुलगा हरेश म्हणतो, आपण नशीबवान, जागा सोडून लांब जावं लागलं नाही. भामाबाई मान डोलावतात. जागा सुटली नाही हे खरंच. फक्त ती खाली राहिली आणि त्या वर.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी एक निळा ड्रम मधोमध कापून घेतला, त्याचे दोन्ही भाग गच्चीवर ठेवले आणि त्यात भात लावला. खायला नव्हे, नव्यासाठी. आश्विनातल्या पौर्णिमेला शेतातल्या पहिल्या लोंब्या आंब्याच्या पानात गुंडाळून दाराला बांधायच्या, त्याला त्यांच्याकडे ‘नवं’ म्हणतात. शिवा पहाटे लोंब्या घेऊन यायचा, तेव्हा भामाबाई त्याला उंबऱ्याबाहेर थांबवून पायांवर पाणी घालायच्या. तो मुद्दाम कुरकुरायचा, “थंड हाय गं, जरा कोमट घालीत जा.” शेत गेल्यावर निदान लोंब्या तरी आपल्या हातच्या असाव्यात, एवढंच त्यांना हवं होतं.

यंदा सोसायटीच्या वार्षिक सभेत गच्चीच्या गळतीवरून बरीच बाचाबाची झाली. शेवटी ठरलं, की गच्चीवर आधीपासून असलेल्या कुंड्या तूर्त राहतील, पण नव्या ठेवायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी चारुदत्त सोमण स्वतः पाहणीला गच्चीवर आले. भामाबाई तिथंच होत्या. भात पोटरीला आला होता, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या.

“मावशी, या कुंड्या कधीच्या?”

त्यांना वाटलं, कशाच्या असं विचारलं. “नव्याच्या,” त्या म्हणाल्या. “नव्याच्याच हाईत दोनी.”

सोमणांनी टिपून घेतलं. संध्याकाळी भामाबाईंच्या दारावर नोटीस लागली : नवीन कुंड्या आठ दिवसांत हलवाव्यात.

हरेशनं कपाळावर हात मारला. “आये, तीन वर्षं झाली ना त्यांना? नव्या हाईत असं कशाला सांगितलंस?”

“नव्या नाय बोलले. नव्याच्या बोलले. नवं बांधायच्या.”

हरेशला आधी हसू फुटलं. मग तो म्हणाला, “जाऊ दे. पनवेलच्या मार्केटात तयार मिळतं नवं. पानात बांधलेलं, झेंडूचं फूल बी लावून देतात.”

“कोनाच्या शेतातलं?”

“ते कोन इचारतो?”

“तेच तं,” भामाबाई म्हणाल्या आणि चपला घालून लिफ्टनं गच्चीखालच्या सातव्या मजल्यावर सोमणांकडे गेल्या.

सोमणांच्या बायकोनं, सुमतीनं, दार उघडलं. सोमणांनी सगळं ऐकून घेतलं आणि ओशाळून म्हणाले, “चूक माझी. मला वाटलं, नवीन. नोटीस मी उद्याच मागे घेतो.”

“नाय, पन नेमात काय लिवलंय ते तरी सांगा. माजा हक्क हाय का नाय?”

“तुमच्या बाल्कनीत तुम्ही कुंड्या ठेवू शकता, मावशी,” सुमती म्हणाली. “खाली पाणी गळलं नाही, कुणाच्या डोक्यावर पडायची भीती नसली, की झालं. गच्ची मात्र सगळ्यांची.”

“बाल्कनीसमोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत हाय. उनाचं काय लिवलंय?”

सुमतीनं नवऱ्याकडे पाहिलं. उन्हाचं काही लिहिलेलं नव्हतं.

निघताना आतल्या खोलीचं दार उघडं दिसलं. छताला ओल धरली होती, प्लास्टरचे पोपडे सुटले होते. त्याखालून पलंग ओढून भिंतीकडे सरकवला होता आणि त्यावर त्यांची मुलगी सई अभ्यास करत बसली होती, शेजारी बादली ठेवून.

“माज्या ड्रमांखालीच हाय का ही खोली?”

“तुमच्यामुळेच गळतं असं नाही,” सोमण घाईघाईनं म्हणाले. “स्लॅबच तसा आहे.”

“पन पानी मी रोज घालते ना वर.”

भामाबाई छताकडे पाहत राहिल्या. घरात पाणी आलं की माणसाचा जीव कसा टांगणीला लागतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांचं जुनं घर दर पावसात गळायचं.

“पुनवेपर्यंत ठेवा,” त्या म्हणाल्या. “मग मीच उतरवते. नोटीस लावलेली ऱ्हाऊ दे.”

पौर्णिमेला गच्चीवरून लोंब्या हरेशनं उतरवून आणल्या. ऑफिसची बस पळस्पे फाट्यावर गाठायची, म्हणून तो घाईत होता. भामाबाईंनी दारात त्याच्या पायांवर पाणी घातलं. त्याचे पाय स्वच्छच होते. तो काही कुरकुरला नाही, फक्त पँट वर धरून उभा राहिला, आणि भामाबाई तांब्या रिकामा झाल्यावरही क्षणभर तशाच वाकून राहिल्या.

त्याच आठवड्यात ड्रम बाल्कनीत आले. पुढल्या पावसाळ्यात त्यांनी त्यातच भाताचं बी पेरलं. हरेशची बायको रंजिता म्हणाली, “आई, इथं मनीप्लांट छान येईल.” रोपं उगवली ती फिकी, लांबट, भिंत आणि इमारत यांच्यामधल्या उजेडाच्या पट्टीकडे सगळी झुकलेली. त्या रोज सकाळी ड्रम फिरवून ठेवतात. दोन दिवसांत रोपं परत तिकडेच वळतात.

“सरळ व्हा गं,” त्या त्यांना म्हणतात, पण तसं रागावून नाही.